वीणाआत्या आणि हाल्वर्सन साहेब

दिल्लीत गुप्ते आडनावाच्या माणसाला गुप्ता व्हावंच लागतं. रेशनकार्डावर, गॅसच्या पावतीवर, शेजारच्यांच्या लग्नपत्रिकेवर. माझे आजोबा दिनकर गुप्ते एका मंत्रालयात कारकून होते. पहिली काही वर्षं ते चूक दुरुस्त करून घेत, पुढे त्यांनी नाद सोडला. त्यांची मुलगी वीणा, म्हणजे माझी आत्या, तिने तर कधी कुणाला दुरुस्त केलंच नाही. ती मुळातच कमी बोलणारी.

पहाडगंजच्या मराठी शाळेत ती शिकली, सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली आणि १९७९ साली एका सरकारी कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला लागली. तेव्हा कॉम्प्युटर अख्खा हॉल व्यापून असायचा आणि कार्डांना भोकं पाडून त्याला काम सांगावं लागायचं. लग्नाचं दोनदा ठरत आलं आणि दोनदा बारगळलं. माझे बाबा, तिचे थोरले भाऊ महेश, नोकरीसाठी पुण्याला आले ते इथलेच झाले. आजोबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर आत्याच्या नावावर झालं. आजोबा गेले, सत्त्याण्णव साली आजीही गेली, आणि त्या दोन खोल्यांत ती एकटी राहिली.

नव्याण्णव साली तिने सरकारी नोकरी सोडली आणि नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. बाबा फोनवर खूप रागावले. पेन्शन, सुरक्षितता, वय, सगळं बोलून झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, इथे मला दिवसभरात कुणी काही विचारत नाही."

बाबांना वाटलं ती कामाबद्दल बोलतेय. कदाचित तसंच असेल.

नोकरीबरोबर क्वार्टर गेलं. तिने गाझियाबादला वैशालीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इमारत नवी होती आणि बारांपैकी नऊ फ्लॅटना कुलूप होतं; लोकांनी पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून घेऊन ठेवले होते. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तिला आपल्या इमारतीत दोन खिडक्या उजळलेल्या दिसायच्या. तिसरी तिची, ती वर जाऊन लावायची. मराठी फक्त रविवारी, आमच्या घरी फोन करताना. एकदा आईशी बोलताना तिला 'चाळणी' हा शब्दच आठवेना. 'छलनी, छलनी' म्हणत राहिली. आई हसली, तीही हसली, पण त्यानंतर तिचे फोन थोडे आखूड झाले.

हे मला कसं माहीत, तर २००६ साली मी यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला गेले आणि दोन वर्षं तिच्याकडे राहिले. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती तुकड्यातुकड्यांनी सांगायची. एका बैठकीत तिने काहीच पूर्ण सांगितलं नाही.

नोएडाच्या त्या ऑफिसात तिच्या टीममध्ये अकरा जण होते आणि ती सगळ्यांपेक्षा किमान दहा वर्षांनी मोठी. मॅनेजर धीरज माथुर तिशीचा होता. तिला 'वीणा मॅम' म्हणायचा आणि ती आली की खुर्ची सोडून उभा राहायचा. सगळेच अदबीने वागत. ती जेवायला येऊन बसली की टेबलावरचा हास्यविनोद थांबे, म्हणून काही दिवसांनी ती डबा आपल्या जागेवरच खाऊ लागली.

काम एका अमेरिकन कंपनीचं होतं. त्या कंपनीचा डिरेक्टरी सर्व्हर मोठमोठ्या ऑफिसांतून वापरला जायचा. आत्याने मला तो असा समजावला: ऑफिसात जे जे आहे, माणसं, प्रिंटर, खोल्या, फाइली, त्या सगळ्यांची एक भलीमोठी यादी. पण यादीत वस्तू नसते, वस्तूचं वर्णन असतं. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर कुणाला हवा असेल, तर त्या वर्णनावरून चालता प्रिंटर उभा करून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ते लोक फॅक्टरी म्हणत. अशा सव्वीस फॅक्टऱ्या होत्या. कुणी काही मागितलं की सर्व्हर ती नोंद पहिल्या फॅक्टरीला दाखवायचा, हे तुझं का? ती नाही म्हणाली की दुसरीला, मग तिसरीला. जी हो म्हणेल ती वस्तू बनवून देई. अमेरिकेत सकाळी नऊला हजारो माणसं एकदम कामाला बसली की या विचारपुशीतच सगळं अडकून पडायचं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या होत्या.

धीरजने सोपा उपाय केला. ज्या फॅक्टऱ्यांची जास्त गरज लागते त्यांना रांगेत पुढे आणलं. थोडा फरक पडला, पण तक्रारी थांबल्या नाहीत. पोरांचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकांची मशीनंच जुनी आहेत.

आत्याने सर्व्हरच्या एका दिवसाच्या नोंदी छापून घेतल्या. चारशे पानं झाली. तिची सवय सरकारी सेंटरातली, पडद्यावरचं तिला वाचल्यासारखं वाटत नसे. रोज बसमध्ये जाता-येता ती ते गठ्ठे पेन्सिल घेऊन वाचायची. आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त वेळ प्रिंटरला लागत नव्हता, फाइलींनाही नाही. वेळ लागत होता तो ज्या नोंदी कुठल्याच फॅक्टरीच्या नव्हत्या त्यांना. एखाद्याचं नुसतं नाव आणि फोन नंबर. त्यातून काही बनवायचंच नसतं, नोंद आहे तशीच द्यायची असते. पण ते कळण्यासाठी सर्व्हर सव्वीसही दारं ठोठावून यायचा, सव्वीस वेळा नाही ऐकायचा, आणि मग ती नोंद तशीच परत द्यायचा. दुसऱ्या मिनिटाला तेच नाव पुन्हा कुणी मागितलं की पुन्हा सव्वीस दारं. आणि यादीत अशा नोंदीच निम्म्याहून जास्त होत्या.

तिचा उपाय छोटा होता. एक तक्ता ठेवायचा. या प्रकारच्या नोंदीला ही फॅक्टरी, त्या प्रकारच्या नोंदीला ती. कुणाकुणाला विचारत फिरायचं नाही, तक्ता बघून थेट जायचं. आणि जो प्रकार कुणाचाच नाही, त्याच्यापुढे 'कुणाचाच नाही' असं स्वच्छ लिहून ठेवायचं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

धीरजला पहिला भाग पटला, दुसरा पटेना. जे नाहीच त्याची नोंद कशाला ठेवायची, असं तो म्हणाला. तरी त्याने तिचं टिपण अमेरिकेला पाठवलं. तिथे कुठलाही बदल एका माणसाच्या संमतीशिवाय आत जात नसे. मेलखाली सही असायची आर. हाल्वर्सन. नोएडात सगळे त्यांना हाल्वर्सन साहेब म्हणत आणि त्यांना घाबरत. दोन ओळींत पंधरा दिवसांचं काम परत पाठवणारा माणूस, अशी ख्याती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या नावावर थेट मेल आला. त्यात असं होतं: दुसरा भागच महत्त्वाचा आहे, तो आम्हाला इतक्या वर्षांत दिसला नाही. पण उद्या एखादी नवी फॅक्टरी आली, आणि तुम्ही ज्याच्यापुढे 'कुणाचाच नाही' लिहिलंत ते नेमकं तिचंच असलं, तर? तुमचा तक्ता तिला कधीच विचारणार नाही. बाकी पक्कं आहे.

आत्याने मला हा मेल शब्दन् शब्द सांगितला. सहा वर्षं झाली होती तेव्हा त्याला.

त्या प्रश्नावर ती दहा दिवस होती. तिने उत्तर पाठवलं, हाल्वर्सननी त्यात भोक दाखवलं. तिने बुजवलं, त्यांनी दुसरं दाखवलं. शेवटी तिने असं केलं की नवी फॅक्टरी आत येतानाच आपण कुठले प्रकार ओळखतो ते सांगेल, आणि तेवढ्याच प्रकारांपुढचं लिहिलेलं पुसलं जाईल. बाकीचा तक्ता जसाच्या तसा. त्यावर उत्तर एका ओळीचं आलं. पक्कं आहे. या वेळी 'बाकी' नव्हतं.

मग पुढचं काम, आणि त्यापुढचं. आत्या संध्याकाळी सहाला मेल पाठवून बस पकडायची आणि सकाळी आल्यावर उत्तर वाट पाहत असायचं. तिला ऑफिसला जायची घाई होऊ लागली. कामाशिवाय एक अक्षर दोघं लिहीत नसत. फक्त एकदा, २००० सालच्या पावसाळ्याच्या शेवटी, मेलच्या तळाशी वेगळी ओळ होती: तुम्ही सही करता त्या नावात आणि तुमच्या पत्त्यातल्या नावात एका अक्षराचा फरक आहे, बरोबर कुठलं?

ऑफिसच्या यादीत तिला अर्थातच गुप्ता केलेलं होतं. त्रेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला दिल्लीत कुणी विचारला नव्हता. तिने लिहिलं, सही बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी तिची नोंद अमेरिकेतून दुरुस्त झालेली होती. धीरजने पाहून विचारलं, "मॅम, आप गुप्ता नहीं हैं?" ती म्हणाली, नाही. त्या दिवशी तिने कँटीनमध्ये जाऊन सगळ्यांबरोबर जेवण केलं, असं ती म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये बातमी आली की हाल्वर्सन साहेब तीन दिवसांसाठी नोएडाला येणार. पोरांनी टाय शोधून काढले. आत्या शनिवारी सरोजिनी नगरला गेली. क्वार्टर सोडल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. बाजारातून तिने एक निळसर कोटा साडी घेतली आणि आपल्या जुन्या गल्लीकडे न वळता सरळ परत आली. हे सांगताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी मोडून तिने पुन्हा घातली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं पन्नाशीचा असेल. विधुर वगैरे. उगाच आपलं मनात येतं ना गं."

गाडीतून साठीची एक बाई उतरली. आखूड पांढरे केस, सपाट बूट, दोन्ही कानांत यंत्रं. नाव रूथ. रिसेप्शनपाशी गुच्छ घेऊन उभा असलेला धीरज तिच्या मागे गाडीत अजून कोण आहे ते बघत राहिला.

आत्या सांगत होती, "साडी उगाच घेतली असं वाटलं. आणि मग हायसंही वाटलं. दोन्ही एकदम."

पहिला दिवस प्रेझेंटेशनांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी धीरजने दोघींना कँटीनमध्ये समोरासमोर बसवलं आणि आपण उठून गेला. वीज गेली होती, खिडकीखाली जनरेटर धडधडत होता. आत्याचं इंग्रजी लिहायला चोख, बोलायला मात्र ती अडखळायची. रूथ ताटातल्या राजम्याकडे आणि आत्याच्या ओठांकडे आळीपाळीने बघत मान हलवत होती, आणि भलत्याच ठिकाणी हसत होती. वीस मिनिटं असं चाललं. मग दोघींनी ताटं उचलली. आत्या आपल्या जागेवर परत आली तेव्हा तिला वाटलं, संपलं. वर्षभर जे काही होतं ते आता गेलं. मेलमधला माणूस आणि ही बाई एक नव्हेत, आणि मेलमधली वीणा गुप्ते आणि आपणही एक नाही.

रूथला बसायला पलीकडचीच जागा दिली होती, मध्ये खांद्याएवढी लाकडी पार्टिशन. थोड्या वेळाने आत्याच्या पडद्यावर मेल आला.

"जेवताना तुम्ही बोललात त्यातलं अर्ध्याहून जास्त मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवत होते. ही माझी वाईट सवय आहे. मध्ये तुम्ही काहीतरी विचारलंत, ते पुन्हा लिहाल का?"

आत्याने विचारलं होतं की तुम्ही घरी कुणाबरोबर राहता. तिने ते लिहिलं.

"कुणाबरोबर नाही. आणि तुम्ही?"

"कुणाबरोबर नाही," आत्याने लिहिलं.

मग संध्याकाळपर्यंत पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी टाइप करण्याचा आवाज येत राहिला. पोरांना वाटलं, कामाचं काहीतरी गंभीर चाललंय. रूथने लिहिलं की तिला पस्तिशीपासून ऐकू येणं कमी होत गेलं, नवरा त्याच सुमाराला गेला, म्हणजे सोडून गेला, आणि तेव्हापासून तिला मीटिंगांची भीती वाटते. म्हणून ती सगळं लिहून मागते. लोकांना ती कडक वाटते, पण तिला खरं तर ऐकू येत नसतं. आत्याने आजीबद्दल लिहिलं, क्वार्टरबद्दल लिहिलं, चाळणीबद्दलही लिहिलं. मराठी शब्द हरवण्याबद्दल इंग्रजीत कसं लिहिलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सोपं होतं. तिचेही आवाज हरवत होते ना."

तिसऱ्या दिवशी विमानाआधी चार तास मोकळे होते. रूथने ताजमहाल, कुतुबमिनार काहीच मागितलं नाही. तुमचं घर बघायचंय, असं तिने लिहिलं. कंपनीच्या गाडीतून दोघी वैशालीला आल्या. आत्याने चहा केला, पोहे केले. मग बाल्कनीत बसून एका वहीवर आळीपाळीने लिहीत राहिल्या. ती वही मी पाहिली आहे. अर्धं काम, अर्धं इकडचं तिकडचं. एके ठिकाणी रूथने समोरच्या बंद खिडक्यांबद्दल विचारलंय, इथे माणसं कधी येणार? खाली आत्याचं उत्तर, म्हणतात की येतील.

निघताना रूथने हात हातात घेतला आणि मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने, म्हणाली, "गुप्ते." अक्षर बरोबर आलं.

त्यानंतरचे मेल लांब झाले. कामाखाली एक रेघ असायची आणि रेघेखाली दुसरं काहीतरी. हे जेमतेम सहा महिने चाललं. त्या वर्षी अमेरिकेत एकामागून एक कंपन्या बसत होत्या. ऑगस्टमध्ये ही अमेरिकन कंपनी दुसरीने विकत घेतली. नव्या मालकांकडे त्यांचा स्वतःचा सर्व्हर होता. त्यांनी या सर्व्हरचं काम थांबवलं आणि जुन्या लोकांना एका शुक्रवारी घरी पाठवलं. नोएडाला हे सोमवारी कळलं, तेही मेल परत आला म्हणून. या नावाची कुणी व्यक्ती आढळली नाही, एवढंच त्यात होतं.

दोघींनी एकमेकींना घरचा पत्ता कधी दिला नव्हता. कंपनीचा होता की.

नोएडाच्या मशीनवर अमेरिकेतल्या ऑफिसच्या यादीची एक प्रत अजून चालू होती. आत्याने त्यात रूथचं नाव काढलं. नोंद जागेवर होती. इमारत क्रमांक, मजला, ऑफिसचा फोन. तिने तो फोन लावून पाहिला, आठवडाभर रोज. वाजत राहायचा. दहाव्या दिवशी प्रतही बंद झाली. तिने ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टाने एक पत्र पाठवलं, ते परतही आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. तिने लिहिलेल्या तक्त्याचं काय झालं, तेही तिला कळलं नाही. टीम मोडली. धीरज बंगळूरला गेला. आत्या त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर गेली आणि पुन्हा डबा जागेवर खाऊ लागली.

हे सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "अगं, आता इंटरनेटवर कुणीही सापडतं. शोधू का?"

"नको. तिला लिहायचं असतं तर तिने माझं घर पाहिलं होतं, शिवू."

"तिला गाझियाबाद कुठे लिहिता येणार आहे? तिने पत्ता लिहून घेतला होता का?"

आत्या उठून चहा टाकायला गेली. मी शोधलं. माझे क्लास होते त्या मुखर्जीनगरच्या सायबर कॅफेत मला एका लहान गावच्या चर्चचं पत्रक मिळालं. बागेच्या कामाला मदत करणाऱ्यांच्या यादीत रूथ हाल्वर्सन असं नाव, आणि पुढे फोन नंबर. तीच असेल याची खात्री नव्हती. कागदावर उतरवून घेऊन मी घरी आले. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

आत्याने चष्मा लावून नंबर वाचला. दोनदा वाचला. मग कागद माझ्यापुढे धरला.

"फोनवर तिला काय ऐकू येणार गं? पत्ता नाही का मिळत?"

मी म्हटलं, शोधते. एवढा नंबर मिळाला तर पत्ता काय अवघड. पण त्या आठवड्यात माझी पूर्वपरीक्षा तोंडावर आली. मग निकाल, मग मुख्य परीक्षेचे क्लास. मुख्य परीक्षेत मी नापास झाले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. २००८ साली मी पुण्याला परत आले. पत्त्याचं राहूनच गेलं.

आत्याने मला त्याची आठवण कधी करून दिली नाही. रोज संध्याकाळी मी क्लासहून आले की ती विचारायची, चहा टाकू का, आज काय शिकवलं. मी सांगायचे आणि ती ऐकायची. एकच गोष्ट कुणाकडे दुसऱ्यांदा मागणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि मला ते तिथे असताना माहीत होतं.